चांगुणाबाईंच्या धवळ्याची कॅसेट

डोंबिवलीत माझी ओळख काय, तर ज्याच्याकडे अजून चालू व्हीसीआर आहे तो माणूस. कोलशेतच्या एका कंपनीत मी आयुष्यभर विजेच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त केल्या, त्याबद्दल कोणी कधी चकार शब्द काढत नाही. व्हीसीआरमुळे मात्र गेल्या वर्षी वाचनालयाच्या अध्यक्षा स्वतः माझ्या घरी आल्या आणि मला 'साईनाथराव' म्हणाल्या. त्याआधी त्या मला फक्त 'जरा हळू बोला' एवढंच म्हणत आल्या होत्या.

या अध्यक्षा म्हणजे मैथिलीताई. नव्वदच्या दशकात आमच्याकडे केबलवर शहराचं स्वतःचं चॅनेल होतं आणि त्यावर संध्याकाळी त्या बातम्या वाचायच्या. पाणी कधी येणार, मोर्चा कुठून निघाला, कुठल्या शाळेचा गुणगौरव झाला, सगळं एकाच गंभीर चेहऱ्याने. मराठी अगदी इस्त्री केलेली. बाजारात लोक त्यांच्याकडे वळून बघायचे. खरं सांगायचं तर मीही बघायचो.

चॅनेल होतं कमलेशचं. हा इथलाच, आगरी. आज जिथे चार सोसायट्या उभ्या आहेत तिथे त्याच्या आजोबांचं भातशेत होतं. कमलेशने गल्लोगल्ली केबल टाकली, एक कॅमेरा घेतला आणि एका खोलीत चॅनेल थाटलं. एरवी बातम्यांचं शूटिंग करायचा, सीझनमध्ये लग्नांचं. पुढे मोठी कंपनी आली, तिने त्याची कनेक्शनं विकत घेतली आणि चॅनेल बंद पडलं. कॅसेटी खोलीतच राहिल्या, मागची भिंत दिसेनाशी होईल इतक्या. आता ती इमारत पाडायची ठरली आणि त्याला खोली रिकामी करायची होती. भंगारवाला येऊन बघून गेला, पण त्याला द्यायला कमलेशचा जीव होईना. म्हणून तो वाचनालयात आला.

वाचनालयाच्या कार्यकारिणीची सभा मी कोपऱ्यात बसून पाहिली, निमंत्रित तज्ज्ञ म्हणून. हा ठेवा जपला पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत होतं. कोणी जपायचा, इथे गाडी अडली. कमलेशचं म्हणणं, मी तेव्हा पदरमोड करून केलं, आता गावाने बघावं. चिटणीस म्हणाले, ज्या कंपनीने कनेक्शनं घेतली तिने कॅसेटीही घ्यायला हव्या होत्या. कमलेशचा तिथे फोन लावून झाला होता. पलीकडच्या मुलीने त्याला सेट-टॉप बॉक्स बंद करून परत चालू करायला सांगितलं होतं. मग कोणीतरी म्हणालं, हे खरं सरकारचं काम. सरकार म्हणजे नक्की कोण, असं मी विचारलं, तर चिटणीसांनी माझ्यासाठी आणखी एक चहा मागवला. वाचनालयाकडे जागा नव्हती. जी होती तिथे जुने दिवाळी अंक होते, आणि त्यांना हात लावायची कोणाची छाती नव्हती.

शेवटी मैथिलीताईंनी तोड काढली. एक कपाट रिकामं करू आणि त्यात महत्त्वाचं तेवढं ठेवू. महत्त्वाचं कसं ओळखायचं? कॅसेटवर चिकटवलेल्या पट्टीवरून. आता त्या पट्ट्यांवर कमलेशने काय लिहिलेलं, तर पाहुण्यांचं नाव. कार्यक्रम कशाचाही असो, नाव पाहुण्याचं, कारण दुसऱ्या दिवशी फोन करून 'आमच्या साहेबांचं कधी दाखवणार' असं विचारणारी माणसं तीच. म्हणजे कपाटात जपले जाणार होते ते पाहुणे. मला हसू आलं, आणि मग रागही आला. पण निमंत्रिताला मत नसतं.

त्याच सभेत जया आली. आंबिवलीजवळच्या एका गावातली, कमलेशच्या लांबच्या नात्यातली, पन्नाशीची बाई. दारातच चप्पल काढून ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि कोणी बसा म्हणेपर्यंत तशीच राहिली.

तिची आई चांगुणाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतो तशी धवलारीणही असते. हळदीपासून एकेका विधीला ती धवळे गाते आणि तिचं गाऊन होईपर्यंत विधी पुढे सरकत नाही. लिहिलेलं काही नसतं, आईचं ऐकून लेक शिकते. चांगुणाबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. जया त्यांचे धवळे गायची, पण हळदीच्या मोठ्या धवळ्याचा मधला भाग तिला येत नव्हता. आई जिवंत असताना तो भाग आईच म्हणायची आणि जया मागून नुसता सूर धरायची. दुसऱ्या गावच्या धवलारणींना विचारून झालं, पण त्यांचे शब्द वेगळे, चाल वेगळी. आणि आता जयाच्या मुलीचं, समृद्धीचं, लग्न वैशाखात होतं. समृद्धीने आईला बजावलं होतं की हळदीला डीजे राहीलच, पण त्याआधी आजीचा धवळा पाहिजे, आणि तो अर्धा नको.

कमलेशने फार पूर्वी लोककलांवरच्या एका मालिकेसाठी चांगुणाबाईंचं शूटिंग केलं होतं, त्यांच्याच अंगणात. नेमका हळदीचा मोठा धवळा. त्यांचं गाणं आणखी कुणी कधी टेप केलेलं नव्हतं. ती कॅसेट या ढिगात असणार, एवढं कमलेशला ठाऊक होतं.

"मना फकस्त आयचा गाना पायजे," जया म्हणाली. "बाकीचा तुमी ठेवा, नायतर टाका."

त्या कॅसेटवर नाव कोणाचं, असं चिटणीसांनी विचारलं. कमलेश म्हणाला की मालिकेचं ज्यांनी उद्घाटन केलं त्यांचं असणार, आता आठवत नाही. म्हणजे चांगुणाबाई कपाटात जाणार की भंगारात, हे त्या उद्घाटकाचं पुढे काय झालं यावर ठरणार होतं. मैथिलीताईंनी मात्र जयाला शब्द दिला की शोध लागेपर्यंत एकही कॅसेट हलणार नाही. तो त्यांनी पाळला, हे कबूल केलं पाहिजे.

कमलेश आणि जया रोज दुपारी त्या खोलीत बसायची. तिकडे चक्कर मारायला मला काही अडचण नव्हती, म्हणून मीही जायचो. जया प्रत्येक कॅसेट पदराने पुसायची आणि कमलेशच्या हातात द्यायची. तो पट्टी वाचायचा आणि बरेचदा हसायचा. कोणी एक जण तीन पक्ष फिरून आता घरी बसलेला, कोणाचं नाव कशामुळे गाजलं होतं तेच आठवेना. सापडली ती कॅसेट अशाच एका माणसाच्या नावावर होती. तो कोण, हे आम्हा तिघांनाही सांगता आलं नसतं. कपाटात तिचा नंबर नक्कीच लागला नसता.

फितीवर पांढरी बुरशी होती. ती मी घरी बसून सावकाश साफ केली आणि एका रविवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं. जया आली, कमलेश आला. मैथिलीताईही आल्या, केसांत अबोलीचा गजरा घालून. त्या जयाच्या आईला बघायला आल्या की स्वतःला, हे मी विचारलं नाही. समृद्धीची कामाला सुट्टी नव्हती, म्हणून जयाने मला दोनदा विचारून घेतलं की मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालेल ना. चालेल, म्हटलं. तिने मोबाइल दोन्ही हातांनी धरला आणि टीव्हीसमोर जमिनीवर बसली. खुर्ची दिली तर नको म्हणाली.

आधी नुसत्या रेघा आल्या. मग तरुण मैथिलीताई आल्या, शेणाने सारवलेल्या अंगणात, हातात माईक. 'अगंबाई,' असं खऱ्या मैथिलीताई हळूच म्हणाल्या. मग दृश्य बदललं आणि चांगुणाबाई दिसल्या. समोर पाट, पाटावर हळद, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

टीव्हीतून बासरी ऐकू आली. आणि बासरीवर मैथिलीताईंचा आवाज.

"काळाच्या ओघात लुप्त होत चाललेला हा मौखिक ठेवा जतन करणं, ही आपणा सर्वांची सामूहिक जबाबदारी आहे," तो आवाज म्हणाला.

चांगुणाबाई गात होत्या. त्यांचे ओठ हलत होते, मान डोलत होती, एक हात मांडीवर ठेका धरत होता. आवाज मात्र बातम्यांचा. आगरी समाजाचा इतिहास झाला, लोकगीतांचं महत्त्व झालं, सहकार्याबद्दल एका साडी सेंटरचे आभार झाले.

"आता येल," जया म्हणाली. हे बोलणं संपलं की गाणं सुरू होईल असं तिला वाटत होतं. तिने मोबाइल आणखी वर धरला.

मैथिलीताई माझ्याकडे वळल्या. "साईनाथराव, माझा आवाज बंद करता येईल का?"

"तुमचा बंद केला तर सगळाच बंद होईल, ताई," मी म्हणालो.

मग कमलेशने जयाला सांगितलं, तिच्याकडे न बघता. त्याने बासरी आणि निवेदन चढवलं होतं ते मूळ आवाज पुसून. मूळ आवाज कॅमेऱ्यातल्या कॅसेटवर होता, आणि ती कॅसेट पुढच्या लग्नाच्या ऑर्डरला वापरली. तेव्हा सगळे तेच करायचे, कॅसेट महाग होती. धवळा कुठेच नाही, हे त्याने स्पष्ट सांगितलं, आणि ते बरं केलं. जयाने मान हलवली. मोबाइल खाली घेतला नाही.

मला चीड आली होती, पण ती कोणावर काढायची ते कळेना. कमलेश निदान कॅमेरा घेऊन त्या अंगणात गेला होता, दुसरं कोणी गेलं नव्हतं. आणि मैथिलीताई त्या कॅसेटमध्ये जे बोलत होत्या त्यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. शेजारी बसलेल्या मैथिलीताई फरशीकडे बघत होत्या, आणि त्या बाईंबद्दल मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

निवेदन संपलं. बासरीही थांबली. पण चित्र चालूच राहिलं, कारण कमलेशचं संगीत तिथे थोडं कमी पडलं होतं आणि तेवढ्या तुकड्यावरचा मूळ आवाज पुसायचा राहिला होता. एकदम अंगणातला आवाज आला. कोंबडी, कुठेतरी भांडं घासल्याचा खरखराट. चांगुणाबाईंचं गाऊन झालं होतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि कॅमेऱ्याच्या पलीकडे कोणाकडे तरी पाहिलं.

"जये, पानी दे गो," त्या म्हणाल्या. "गला सुकला."

आवाज जाडसर होता, जरा बसलेला. कोणी पाणी आणलं की नाही ते दिसायच्या आत चित्र तुटलं आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

जया म्हणाली, परत लावा. मी मागे घेतलं. आम्ही कितीतरी वेळा ते पाहिलं. प्रत्येक वेळी चांगुणाबाई पदराने तोंड पुसत, पलीकडे बघत, पाणी मागत, आणि चित्र तुटे. मैथिलीताईंनी वाचनालयाबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली आणि वाक्य अर्धवट सोडलं. कमलेश म्हणाला, ही कॅसेट तू घेऊन जा, कोणाला विचारायची गरज नाही.

जयाचं लक्ष नव्हतं. ती पडद्यावरच्या मुंग्यांकडे बघत होती. मग आमच्यापैकी कोणाकडेही न वळता ती बोलली.

"दिलेला मी," ती म्हणाली. "लगेच आनून दिलेला."