शिशावरचा ठसा

सकाळी आठच्या सुमाराला शिशाचा ठोकळा वर आला. मामा खुर्चीतून उठले, गुडघ्यांनी केलेली तक्रार ऐकून न ऐकल्यासारखी केली, आणि कठड्याला धरत धरत रिगच्या फलाटावर चढले. तिसरा दिवस होता. अठराशे मीटर खोल तेलविहिरीत पाईप तुटून पडला होता आणि तो काढायला मामांना बोलावलं होतं. या धंद्यात अडकलेल्या वस्तूला मासा म्हणतात. खरा मासा निदान वळवळतो तरी. हा नुसता पडून राहतो, आणि त्याच्या पायी वरची माणसं तळमळतात.

मामा हे काम एकतीस वर्षं करत होते. रिगवरचा ड्रिलर त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. तो कधीतरी सवयीने ‘मामा’ म्हणून गेला आणि मग आचाऱ्यापासून क्रेनवाल्यापर्यंत सगळ्यांचेच ते मामा झाले. गंमत अशी की, वशिल्याचा माणूस म्हणून कोणी बोट दाखवू नये, यासाठी खरा भाचा मात्र कामावर असताना त्यांना ‘उस्ताद’ म्हणायचा.

आता आधी काय झालं होतं ते सांगतो. तुटलेला पाईप पकडायला ओव्हरशॉट नावाचं हत्यार असतं. बाटलीच्या तोंडावर पेला उपडा घालावा तसं ते खाली पाईपच्या तोंडावर उतरवतात. पेल्याच्या आत पोलादी पकड असते, तिला करवतीसारखे बारीक दाते. पाईप आत शिरला की दाते रुततात आणि वर ओढावं तसे आणखी रुतत जातात. पहिल्या दिवशी मामांनी ते उतरवलं, मासा धरला, ओढला, रिगचे खांब करकरले आणि मासा सुटला. दाते बोथट झाले असतील म्हणून नवी पकड बसवून पुन्हा दोनदा उतरवलं. दोन्ही वेळा हत्यार पाईपच्या तोंडावर बसलंच नाही.

यातून कंपनीच्या साहेबांनी एक निष्कर्ष काढला, आणि तो भाच्याच्या मुळावर आला.

विहिरीच्या कामात एक नेम आहे. जी वस्तू आत जाईल तिची जाडी आणि लांबी आपल्या हाताने, कॅलिपर लावून मोजायची आणि मगच रजिस्टरात लिहायची. कारण एकदा ती आत गेली की डोळ्यांना दिसायला तेवढी एक ओळच उरते. भाच्याने पाईपची जाडी लिहिली होती एकशे सत्तावीस मिलिमीटर. मामांनी त्या आकड्यावर भरवसा ठेवून पकड निवडली होती.

“आकडा कारखान्याच्या पुस्तकातून उतरवलाय,” साहेब म्हणाले होते. “याने पाईपला हात लावलेला नाही.”

“मोजलाय, साहेब,” भाचा म्हणाला होता.

“मग बसत का नाही?”

साहेबांनी आदल्या संध्याकाळी फर्मान काढलं. सकाळी अकराला गाडी नवा ड्रिलर घेऊन येईल, जुन्याने त्याच गाडीने परत जायचं. एक वाजता सिमेंट ओतून विहीर बंद करायची. आणि भाच्याच्या नावापुढे शेरा जाणार होता : न मोजता लिहितो. हा शेरा घेऊन कुठल्याच रिगवर त्याला कोणी ड्रिलर म्हणून उभं केलं नसतं.

शिशाचा ठोकळा हा शेवटचा उपाय होता. हत्याराच्या टोकाला मऊ शिसं बसवायचं, खाली माशावर दाबायचं आणि वर आणून उमटलेला ठसा वाचायचा. अंधारात चाचपडणाऱ्या माणसाने बोटांनी चेहरा ओळखावा, तसं.

साहेबांनी फडक्याने चिखल पुसला. शिशावर गोल उमटायला हवा होता. उमटली होती एक वाकडी कोर.

“साहेब, खाली चंद्र पडलाय,” कावळा म्हणाला. हा रिगच्या शेंड्यावर बसून काम करायचा, म्हणून त्याला हे नाव.

“गप रे. मामा, हे तुमच्या भाच्याचं एकशे सत्तावीस? याला गोल म्हणतात?”

मामा खाली वाकले. चष्मा कपाळावर ढकलला. कोरीच्या आतल्या बाजूला केसाएवढ्या बारीक रेघा होत्या, एकीशेजारी एक, तिरप्या. तुटलेल्या पाईपला अशा रेघा नसतात. या रेघा मामांना बायकोच्या हस्ताक्षरासारख्या ओळखीच्या होत्या.

“बघतो,” एवढंच ते म्हणाले.

“बघायचं काय राहिलंय आता?” साहेब घड्याळाकडे बघत उतरले.

मामा आपल्या हत्यारांच्या पत्र्याच्या खोलीत आले. दार लोटलं. पहिल्या दिवशी काढलेली जुनी पकड तेलाच्या पेटीत होती. ती उचलली, उलटी केली. खालच्या काठाचा तीन बोटं रुंद तुकडा गायब होता. तुटलेली कड अजून चकचकीत होती.

म्हणजे मामांच्याच हत्याराचा तुकडा माशाच्या तोंडावर जाऊन पडला होता. पुढच्या दोन्ही खेपांना हत्यार बसलं नाही ते त्याच्यामुळे. पाईप एकशे सत्तावीसचाच होता. पोराने मोजलेलं होतं.

त्यांनी आपली वही उघडली. आत गेलेलं हत्यार बाहेर आलं की ते उलटंपालटं करून, एकेक भाग बोटाने चाचपून मग ‘पूर्ण परत’ असं लिहायचं, हा त्यांचा स्वतःचा नेम. त्या दिवशीच्या तारखेपुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, पूर्ण परत. आणि त्यांना आठवलं. तीस तास डोळ्याला डोळा लागला नव्हता. कोणीतरी लांबून ओरडून विचारलं होतं, “मामा, पकड पेटीत टाकू?” आणि त्यांनी खुर्चीतून न उठता मान हलवली होती आणि मांडीवरच्या वहीत लिहून टाकलं होतं. उठायचं होतं ते दहा पावलांसाठी.

मामा पेटीवर बसले. ते देवाशी एरवी भांडत नसत. सकाळी डोळे मिटून दोन शब्द बोलायचे आणि कामाला लागायचे, एवढाच व्यवहार. पण आज म्हणाले, “देवा, शिसं चार बोटं सरकवलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? मला दिसलंच नसतं.” देव काही बोलला नाही. तो अशा वेळी गप्पच बसतो, आणि त्याचं गप्प बसणं एखाद्या वडीलधाऱ्यासारखं असतं. आपलं आपल्यालाच पुढचं वाक्य सुचायला लागतं.

पुढचं वाक्य फार वाईट होतं. एक वाजता सिमेंट ओतलं जाईल. तुकडा, पाईप, सगळं त्यात बुडेल आणि जगबुडीपर्यंत कोणाला दिसणार नाही. ही पकड आपल्या सामानात लपवली की झालं. मामांना निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि एकतीस वर्षांत त्यांनी विहिरीत स्वतःचा एक खिळासुद्धा सोडलेला नव्हता. ही गोष्ट लोक त्यांच्या तोंडावर नव्हे, पाठीमागे सांगत. पाठीमागे केलेलं कौतुक फार गोड लागतं, बरं का. ते सोडवत नाही.

फोन वाजला. ताई.

“अरे, त्याने बायकोला फोन केला. घरी येतोय म्हणे. असा मधेच? ती रडतेय इथे.”

“चौकशी चाललीय, ताई.”

“चौकशी म्हणे! तू मग तिथे कशाला आहेस? शोभेला? तू त्याचा मामा आहेस की कंपनीचा?”

मग तिचा आवाज एकदम खाली आला.

“खरं सांग. त्याने मोजलंच नसेल का रे? शाळेत असल्यापासून तसा धांदरटच. मी बाहेर कोणाला बोलणार नाही. फक्त मला सांग.”

आईसुद्धा.

“मोजलंय त्याने,” ते म्हणाले.

“तुला काय माहीत?”

“मला माहीत आहे. ठेव फोन. संध्याकाळी बोलतो.”

त्यांनी पकड कापडात गुंडाळली, काखेत मारली आणि साहेबांच्या केबिनकडे निघाले. फाटकाजवळ सिमेंटच्या दोन गाड्या उभ्या होत्या. त्यांचे ड्रायव्हर सावलीत चहा पीत बसले होते. मामांना वाटलं, आपणही तिथे बसावं, चहा मागावा आणि कोणी उठवेपर्यंत उठूच नये.

केबिनमध्ये शिशाचा ठोकळा टेबलावर होता. मामांनी पकड सोडवली आणि तुटलेली कड ठशाला लावली. दाते आणि ठशातल्या रेघा तंतोतंत जुळल्या. जणू एकाच वहीची दोन पानं.

साहेबांनी तुटकी कड बोटाने चाचपली. “हे तुमचं आहे?”

“माझं. पहिल्या दिवशी तुटलं. मी न बघता पूर्ण परत म्हणून लिहिलं. त्याचा आकडा बरोबर आहे.”

“तीन दिवस, मामा.” साहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते खुर्चीत मागे टेकले. “तीन दिवस मी त्या पोराची सालं काढतोय. आणि हे तुम्हाला आज कळतंय?”

“आज. आत्ताच.”

“लिहून द्याल?”

“आणा कागद. आणि एक खेप लोहचुंबकाची द्या. तुकडा वर आला की ओव्हरशॉट बसेल. पहिल्या दिवशी मासा धरला होता, म्हणजे माप बरोबरच आहे.”

साहेबांनी मुख्यालयाला फोन लावला. ‘हो’, ‘नाही’, ‘तेच’, ‘एकतीस वर्षं, हो’ असं काही काही बोलले. फोन ठेवून म्हणाले, “खेप मिळाली. सिमेंट उद्यापर्यंत थांबेल. ड्रिलर तोच राहील, शेरा रद्द. पण तुम्ही नाही. तुमच्या जागी दुसरा उस्ताद येतोय. अकराच्या गाडीने तुम्ही जायचं.” मग जरा थांबून, “माझा इलाज नाही, मामा.”

“चुंबक कोण उतरवेल?”

“तुमचा भाचा. तुम्हीच शिकवलंय ना?”

भाचा आपल्या खोलीत बॅग भरत होता. घडी घातलेला शर्ट पुन्हा उकलून पुन्हा घडी घालत होता. मामांनी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, एका दमात. वाटलं होतं, पोराचा चेहरा खुलेल. तो खाली बसला.

“मामा, मी तीन दिवस झोपलो नाही.”

“मीही...”

“तुमचं जाऊ दे!” तो प्रथमच मोठ्याने बोलला. “मला आठवत होतं मी कॅलिपर लावला ते. पाईप गार होता, हातमोजा काढला होता, सगळं आठवत होतं. तरी काल रात्री मला वाटायला लागलं, नसेल लावला. आपणच मनाने रचलं असेल. साहेब म्हणतात, सगळे म्हणतात. तुम्ही एकदा तरी म्हणालात, की हा मोजतो म्हणून?”

मामांनी आठवून पाहिलं. नव्हते म्हणाले. वशिला दिसेल म्हणून गप्प बसले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही शंका आली होती. स्वतःच्या वहीवर आली नाही, पोराच्या रजिस्टरावर आली.

“नाही म्हणालो,” ते म्हणाले.

भाच्याने हेल्मेट उचललं. “चुंबकाला किती भार देऊ?”

“अगदी हलका. टेकल्यासारखं वाटलं की थांब. पंप चालू ठेव, गाळ धुऊन जाऊ दे. मग सावकाश वर. मधे कुठे झटका देऊ नकोस.”

“बरं,” म्हणाला आणि त्यांच्या बाजूने निघून गेला. पाया पडला नाही, मिठी मारली नाही. काम वाट बघत होतं.

अकराच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे कागदावर भाच्याचं नाव होतं. “तुम्ही ते नाही,” तो म्हणाला. “मी त्याचा मामा,” मामा म्हणाले आणि मागच्या सीटवर चढले. नवा ड्रिलर बिचारा उतरून, हातात पेटी घेऊन, आपण आलो कशाला म्हणून इकडेतिकडे बघत होता. गाडी फाटकाबाहेर पडली नाही तोच मामांना झोप लागली. मान खिडकीवर आपटत होती तरी जाग आली नाही.

संध्याकाळी ते थेट ताईकडे गेले. ताटावर बसल्या बसल्या तिला सगळं सांगितलं. तिने वाढता वाढता पळी पातेल्यात आपटली. “दहा पावलांसाठी उठवलं नाही तुला?” एवढंच म्हणाली, आणि मग त्यांचं ताट रिकामं दिसल्यावर रागारागातच पुन्हा वाढलं. सून दाराशी उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि मुलीला कुशीत घेऊन लवकरच दिवा घालवून टाकला. तिलाही झोप हवी होती.

रात्री आठला फोन आला. मागे इंजिनाची घरघर होती.

“चुंबक वर आलं,” भाचा म्हणाला.

“तुकडा?”

“आलाय. पण तुम्ही एक म्हणाला होतात. दोन आहेत. एक तीन बोटांचा, आणि एक नखाएवढा, दाताचा टवका. पकडीला लावून बघितला, बसतोय.”

मामांनी हातातला घास खाली ठेवला. कबूल करतानाही त्यांनी नीट बघितलं नव्हतं. तीन बोटांची मोठी फट बघितली आणि तिथेच त्यांचे डोळे थांबले.

“दोन्ही मोजलेस?”

“मोजले.”

“मग दोन लिही,” मामा म्हणाले. “माझ्या नावावर. आणि मोठा कुठला, छोटा कुठला, तेही लिही.”

पलीकडून कागदाचा आवाज आला. भाचा लिहीत होता.