नवारीच्या पट्ट्याचा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. भांडी घासायचा. पण मला मूठ नाही आणि दांडाही नाही. पाठीवर नवारीचा, म्हणजे खाटेला विणतात त्या जाड सुती पट्टीचा, एक पट्टा तेवढा आहे. पहिल्यांदा पाहणारा मला उलटासुलटा करतो आणि विचारतो, "हा धरायचा कसा?" अहो, मला धरायचेच नसते. त्यासाठीच तर माझा जन्म झाला, आणि तोही दोनदा. त्या हिशेबाने मीही द्विजच म्हणायचा!

तो कोळशाच्या इंजिनांचा काळ होता. दिवाकरराव झाशीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. ते, त्यांच्या पत्नी लीलाबाई आणि आई कमलिनीबाई रेल्वेच्याच क्वार्टरमध्ये राहत. एका पावसाळ्यात लीलाबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. हाड सांधले, पण बोटे ताठ राहिली. मूठ काही मिटेना. तळव्याने लाटणे कसेबसे फिरवता येई. पण भांडे घासायला काथ्या घेतला की तो हातातून सुटून जाई.

तुम्ही म्हणाल, भांडीच ना, दुसऱ्या कुणी घासली तर काय बिघडले? रोजची भांडी घासायला चंपा येतच होती. प्रश्न देवाच्या भांड्यांचा होता. या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसत, आणि घरची रीत अशी की जी सून मुखवटे आणि कलश आपल्या उजव्या हाताने उजळील, तिनेच महालक्ष्म्या बसवायच्या. लग्न होऊन आल्यापासून हा मान लीलाबाईंचा होता. बाकी सगळे काम घरासाठी, पण हे एक त्यांचे स्वतःचे. आता तो मान खंडेराव गेटला राहणाऱ्या धाकट्या जावेकडे, सरलाबाईंकडे, जाणार अशी चिन्हे दिसू लागली. कमलिनीबाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांच्याकडे रीत म्हणजे रीत. लीलाबाई नेहमीची कामे करत राहत. दुपारी एकट्या बसून बोटे मिटायचा प्रयत्न करत आणि मग पदराने डोळे पुसत.

दिवाकररावांना ते पाहवेना. ते सुट्टीच्या दिवशी अंगणात ब्रश बनवायला बसू लागले. माझे थोरले भाऊ ते! एकाला जाड लाकडी मूठ होती, एकाला पळीसारखा लांब दांडा, तर एकाच्या डोक्यावर पितळी गोळा. सगळे दिसायला देखणे आणि सगळे नापास. कारण मूठ मिटल्याखेरीज त्यांतला एकही कामाला येत नव्हता.

मग एके दिवशी कारखान्यातून परतताना दिवाकरराव स्टेशनबाहेरच्या टांग्यांच्या अड्ड्यावर थबकले. हल्के भैया नावाचा टांगेवाला आपल्या घोड्याला खरारा करत होता. खराऱ्याच्या पाठीवर चामड्याचा पट्टा होता. त्यात हात सरकवून, तळवा पसरूनच तो घोड्याची पाठ घासत होता.

"भैया, मुट्ठी नहीं बाँधनी पड़ती?" दिवाकररावांनी विचारले.

"काए की मुट्ठी, बाबूजी? जौ पट्टा सब कर रओ. हमाओ हाथ तो बस धरो है."

काम सगळे पट्टा करतो, हात नुसता ठेवलेला! दिवाकररावांना पाहिजे ते सापडले. भंगारात काढलेल्या एका डब्याच्या खिडकीचा शिसवी तुकडा त्यांनी साहेबांना विचारून घरी आणला. लीलाबाईंचा तळवा कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घेतला आणि त्या मापाने मला कापले. पोटाला बारीक भोके पाडली. कारखान्यात इंजिनाचे भाग साफ करायचे ब्रश असत, तसल्याच एका झिजलेल्या ब्रशाचे राठ केस तारेने ओढून माझ्यात बसवले. पाठीवर चामड्याचा पट्टा ठोकला. झाला माझा पहिला जन्म.

लीलाबाईंनी पट्ट्यात हात घातला, चिंच लावली आणि देवाचा तांब्या घासायला घेतला. तांबे लखलखू लागले.

"अहो, जमतंय! बघा ना, जमतंय!" त्या इतक्या मोठ्याने हसल्या की कमलिनीबाई माजघरातून उठून आल्या. त्याही खूश झाल्या. सुनेच्या हातातून मला काढून त्यांनी उजेडात धरले.

"दिवाकर, हे केस कशाचे रे? घोड्याचे?"

"नाही, कारखान्यातले आहेत. फार मजबूत असतात, आई."

"कशाचे, ते विचारतेय."

दिवाकरराव खाली पाहत म्हणाले, "डुकराचे."

कमलिनीबाईंनी मला झटकन खाली टाकले. बिचाऱ्याने बायकोच्या हाताचा एवढा विचार केला, पण तो हात कुठे चालणार आहे याचा विचार राहूनच गेला. सोवळ्यात, म्हणजे आंघोळ करून धूतवस्त्र नेसून करायच्या कामात, चामडे जिथे शिवत नाही, तिथे त्याने चामडे आणि डुक्कर दोन्ही नेऊन ठेवले होते.

"घराला कारखाना समजलास का रे?" कमलिनीबाई कडाडल्या. "तो तांब्या अग्नीत घाला. आणि सरलेला निरोप धाडा. यंदा महालक्ष्म्या ती बसवील."

माझी रवानगी अंगणातल्या कोळशाच्या ढिगावर झाली. माझा काय दोष होता? पण ब्रशाला विचारतो कोण! तिथून मला न्हाणीचे दार दिसत होते. लीलाबाई तो शुद्ध केलेला तांब्या दोन्ही गुडघ्यांत दाबून मनगटाने घासू पाहत होत्या. तांब्या निसटून गडगडत गेला. त्यांनी तो उचलून पुन्हा गुडघ्यांत धरला. तो पुन्हा निसटला. कमलिनीबाई दारात उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. मग आत गेल्या आणि वाळ्याची एक जुडी घेऊन आल्या. झाशीच्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यात सोडतात ती सुवासिक मुळे हो! त्यांनी जुडी मुलापुढे टाकली.

"देवाच्या पाण्यात जे चालतं, ते देवाच्या भांड्यालाही चालेल. आणि ते चामडं उपट. घरात नवार आहे की."

"आई, मग निरोप?"

"निरोप गेलाय. सरला येईल. ब्रश जमला तर बघू."

असा माझा दुसरा जन्म झाला. डुकराचे केस उपटून मला तासून, गंगाजळाने धुऊन काढले. वाळ्याची मुळे दुमडून माझ्या भोकांत घट्ट बसवली, नवारीचा पट्टा धुऊन पाठीवर गाठ मारून आवळला. मला स्वतःचाच वास आवडू लागला, खोटे कशाला बोलू?

महालक्ष्म्या बसवायच्या दिवशी लीलाबाई सोवळे नेसून मुखवटे घेऊन बसल्या. सरलाबाईही सोवळे नेसून तयार होत्या. त्यांच्याही मनात हौस होतीच, त्यात गैर काय? दिवाकरराव कारखान्याच्या कपड्यांत उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांनी आत यायचे नव्हते आणि कशालाही शिवायचे नव्हते.

पहिला मुखवटा सोन्यासारखा झाला. नथीच्या भोकाशी, कानामागे, केसांच्या नक्षीत माझी मुळे बरोबर पोचत होती. दुसरा अर्धा झाला आणि मला कळले की घोटाळा होणार. नवार भिजून सैल पडली होती. मी हातावरून घसरलो आणि खाली आपटलो. लीलाबाईंनी मला पुन्हा चढवले, मी पुन्हा पडलो. पट्टा ओढायला दुसरा हात हवा, आणि त्यांच्या डाव्या हातात मुखवटा होता. तो खाली ठेवला असता तरी ओली गाठ एका हाताने आवळत नव्हतीच.

"गाठ आवळा!" बाहेरून दिवाकरराव म्हणाले. पण ऐकणार कोण? सोवळ्यात दोघीच जणी होत्या, सासू आणि जाऊ. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. लीलाबाईंनी मान खाली घातली. एवढे झाले की मान सरलाबाईंकडे जाणार, हे सगळ्यांना कळत होते.

सरलाबाई पुढे आल्या, खाली बसल्या. त्यांनी मला जावेच्या तळव्यावर ठेवले आणि गाठ दोन्ही हातांनी करकचून आवळली.

"वहिनी, टोचतंय का?"

"नाही गं," लीलाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते.

"मग घासा की. मुहूर्त जातोय."

दुसरा मुखवटाही झाला. कमलिनीबाईंनी दोन्ही मुखवट्यांच्या कानांमागून बोट फिरवून पाहिले. बोट स्वच्छ निघाले. "लीले, पदर नीट घे," त्या म्हणाल्या, "आणि मुखवट्यांचं ताट उचल." मग धाकट्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "सरले, दुसरी बाजू तू धर. आजपासून दोघींनी मिळून बसवायच्या." घरची रीत त्या दिवशी, त्यांच्याच तोंडून, एवढीशी बदलली.

पुढे मी बरीच वर्षे काम केले. वाळा झिजला की नवा बसे. गाठीच्या जागी दिवाकररावांनी लाकडी खुंटी लावली. ती फिरवली की पट्टा आपोआप आवळे. सरलाबाईंनीही "भावजी, मलाही एक करा" म्हणून माझा धाकटा भाऊ नेला. आणि रोज घासता घासता लीलाबाईंची बोटे हळूहळू वळू लागली. एका सकाळी त्यांनी पट्टा न लावताच मला उचलले. मी पडलो नाही. त्यांनी मला कडेने धरले होते, पाचही बोटांनी.

त्यानंतर त्यांनी साधा काथ्या घेतला आणि मला भिंतीतल्या खुंटीवर टांगले.

"जिज्जी, जाए काए टाँग दओ? अच्छो तो हतो," चंपाने विचारले, चांगला ब्रश का टांगला म्हणून.

"अब ज़रूरत नहीं रही, चंपा," लीलाबाई म्हणाल्या आणि आपली मूठ उघडून मिटून तिला दाखवली.

मित्रांनो, बिनकामाचे होऊन टांगले जाण्याचे मला वाईट वाटले, फार वाटले. आज माझी मुळे गळाली आहेत, शिसवीला चीर गेली आहे. मला पुन्हा कामाला लावा असे मी म्हणणार नाही. माझे मागणे एवढेच आहे. तुमच्या घरात कुणाचा हात थकला, थरथरू लागला, तर त्यांच्या हातातले काम काढून घ्यायची घाई करू नका. आधी अवजार बदलून पाहा. आणि गाठ सैल पडली, तर जवळ जाऊन आवळा.