उठलं की फाउल

या. पण 'बसा' असं मी म्हणणार नाही. खुर्ची असून आल्यागेल्याला बसा म्हणत नाही, हा माझा उद्धटपणा समजा हवं तर.

मी बोलतेय ती गोळाफेकीची खुर्ची. मला पाठ नाही, हात नाहीत. चार लोखंडी पाय, वर सागवानी पाटी, डाव्या हातानं धरायला एक उभा दांडा आणि मांड्या आवळायला दोन पट्टे. ज्यांना उभं राहून गोळा फेकता येत नाही, ते माझ्यावर बसून फेकतात. मैदानावर मला साखळ्यांनी जखडतात, बैलासारखं. चारी बाजूंनी खुंट ठोकलेले असले की मग कुणाचा बाप मला हलवू शकत नाही.

माझा जन्म दारव्ह्याचा, इकबालभाईच्या वेल्डिंगच्या दुकानातला. वखर, डवरे अशी शेतीची अवजारं आणि ट्रॉल्या यांच्या गर्दीत मी जन्मले. इकबालभाई म्हणजे पक्का दुकानदार. 'नाही' हा शब्द तो दुकानात ठेवतच नाही. गिऱ्हाइकाचं बोलणं अर्धं होण्याआधी याचं 'होऊन जाईन' बाहेर पडलेलं असतं. एकदा कुणी विचारलं, "देवळाचा कळस सरळ करता का?" तर हा मशिदीतून येता येता म्हणाला, "आणून टाका!"

अशा माणसाकडे शाळेत खेळ शिकवणाऱ्या कोकिळा मॅडम आल्या. उत्तरपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी माझं चित्र काढून आणलं होतं.

"उंची जास्तीत जास्त पंच्याहत्तर सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. "एक सूतही वर नको."

"मॅडम, फिकर कायले करता? आपली ट्रॉली चाळीस क्विंटल कापूस नेते. एक पोरगी काय जड हाये?"

त्यानं मला बरोबर पंच्याहत्तरची केली. यवतमाळच्या पहिल्या स्पर्धेत पंचांनी माझ्यावर गादी ठेवली, टेप लावला आणि म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर. बाद."

"गादी कोण मोजते साहेब?" इकबालभाई उखडला. "माणसाची उंची टोपीसकट घेता काय?"

पंच हसले, पण नियम तो नियम. गादी काढायची सोय नव्हती. जिच्यासाठी मी घडले तिला कमरेखाली काही कळत नाही. उघड्या पाटीवर बसली तर जखम होईल आणि तिला पत्ताही लागणार नाही. ती पोरगी त्या दिवशी एकही गोळा न फेकता घरी गेली. दुसऱ्या दिवशी इकबालभाईनं माझे चारी पाय तीन तीन सेंटिमीटर कापले. पाय कमी झाले की किंमत कमी होते, असं कोण म्हणतं? माझी किंमत त्या दिवसापासून सुरू झाली.

त्या पोरीचं नाव अंजू. दारव्ह्याजवळच्या तांड्यावरची. अकरा वर्षांची असताना कापूस वेचून येताना ट्रॉली उलटली आणि पाय लुळे पडले. आता ती एकोणीसची आहे. हातानं फिरवायची तीनचाकी चालवून चालवून दंड असे झालेत की तांड्यातली पोरं तिच्याशी पंजा लढवायला लाजतात. आमच्या खेळाचा एकच कडक नियम. गोळा हातातून सुटेपर्यंत बूड पाटीला टेकलेलं हवं. उचललं की फाउल. लाल झेंडी.

अपघातानंतर दवाखान्यात एक नर्स अंजूच्या उशाशी बसून प्रार्थना करायची. त्या दिवसांपासून अंजूची आई जमनाबाई येशूला मानू लागली. दर रविवारी तांड्यातल्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात दोघी पहिल्या ओळीत. पण मागणी वेगळी. आई डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, माह्यी पोरगी चालू दे." लेक म्हणायची, "प्रभू, गोळा सहा मीटर जाऊ दे." एकाच देवाकडे एकाच घरातले दोन अर्ज. देवाचंही अवघडच.

बाहेर तांड्यातल्या बाया टोमणे मारायच्या, "काहून वं जमना, देव बदलला, पाय तं तेच हायेत!"  जमनाबाईला वाटायचं, एक दिवस अंजू चालत विहिरीवर जाईल, तेच उत्तर.

मग दारव्ह्यात तीन दिवसांची प्रार्थनासभा लागली. आजारी, अपंग लोकांसाठी प्रार्थना करणारे एक पाहुणे बाहेरून आले होते. मोठा मांडव, मंचापुढे, बरे झालो म्हणून लोकांनी ठेवलेल्या कुबड्या. तिथं शेजारी बसलेल्या एका बाईनं जमनाबाईच्या मनात भरवून दिलं, "अपंगाची वस्तू घरात जपून ठेवता, मग देव कसा ऐकीन? विश्वास असन तं ते मंचापुढे आणून ठेव."

शनिवारी दुपारी अंजू कोकिळा मॅडमकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी यवतमाळला राज्य स्पर्धेची निवड होती. जमनाबाईनं मला उचललं आणि सभेला निघालेल्या जीपच्या टपावर टाकलं.

"काकू, हे कुठली खुर्ची वं?" जीपवाला म्हणाला. "पाठ तं बनवलीच नाही!"

जमनाबाईनं दोरी आणखी आवळली. मी टपावर, चारी पाय आभाळाकडे. एक पाय दोरीत अडकून वाकला. इकबालभाईच्या दुकानापुढून जाताना त्यानं मला ओळखलं. आपलं घडवलेलं लोखंड तो अर्ध्या मैलावरून ओळखतो. त्यानं अंजूला फोन लावला आणि तिला आपल्या छोट्या टेम्पोत घालून मांडवात आणलं.

तोवर मी कुबड्यांच्या ओळीत होते. अंजू आत आलेली दिसताच दोन बाया धावल्या, तिला काखेत धरून उचललं आणि माझ्यावर बसवलं. पाहुणे माईक घेऊन खाली आले. माणूस वाईट नव्हता. डोळ्यांत खरं पाणी होतं. लबाड माणसाला वाटेला लावता येतं, पण भल्या माणसाची चूक निस्तरणं फार कठीण.

"बहिणी, प्रभूवर विश्वास आहे?"

"हाये."

"मग त्याच्या नावानं ऊठ!"

मांडव टाळ्यांनी दणाणला. अंजूनं खाली वाकून पट्टे आवळले. एक. दोन. कर्रकन.

"उठत नाही, भाऊ. माह्या खेळात उठलं की फाउल असते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पाहुणे हळू आवाजात म्हणाले, "खेळ राहू दे. देव तुला पूर्ण करू पाहतो आहे."

"येशू मेलेल्यातून उठला तवा त्याच्या हाताले खिळ्याचे भोकं होते का नव्हते?"

"होते."

"शंका घेणाऱ्या थोमा शिष्याले तेच दाखवले न? देवानं ते काहून बुजवले नाही? येशू काय अर्धवट उठला?"

पाहुण्यांनी माईक खाली घेतला. अंजूनं आईकडे पाहिलं. तांड्यात आईला याडी म्हणतात.

"याडी, उद्या नऊले निवड हाये. माह्या मापाची दुसरी खुर्ची नाही. हे इथं राह्यली तं मीही इथंच राह्यली. तू आणली, तूच उचल."

जमनाबाई उभी होती. टोमणे मारणाऱ्या बायाही कौतुक पाहायला आल्या होत्या. आज लेक उठली असती तर आठ वर्षांचं उत्तर एका क्षणात मिळालं असतं. मंचावरून कुणीतरी म्हणालं, "आई, विश्वास कमी पडू देऊ नका."

तिथं ती वळली.

"आठ वर्सं हिले पाठीवर घेऊन नाल्यावर नेलं. धुतलं, पुसलं, जखमा पाह्यल्या. तवा माहा विश्वास मोजाले कोण आलतं?"

तिनं मला एका बाजूनं धरलं. दुसऱ्या बाजूनं इकबालभाई आला. "उचला, भाभी." अंजूला खाली उतरवायचं कुणाला सुचलंच नाही. पट्ट्यांनी आवळलेल्या लेकीसकट त्यांनी मला उचललं. वाटेत माईकची वायर आडवी होती. ती त्या पाहुण्यांनीच बाजूला केली.

माझा वाकलेला पाय इकबालभाईनं रात्रीतून तात्पुरता ठोकून घेतला. रविवारी यवतमाळच्या मैदानावर तो टेपवर नजर रोखून उभा. गादीसकट पंच्याहत्तर. "लिहा!" तो पंचांवरच ओरडला.

निवडीला पाच मीटर ऐंशी हवे होते. आमच्या खेळात सगळ्या फेकी एकामागोमाग घ्यायच्या. पहिली गेली पाच चाळीस. दुसरी लांब गेली, पण जोरात अंजूचं बूड माझ्यावरून सुटलं. मला कळलं, पंचांनाही कळलं. लाल झेंडी. उरली एक.

दोरीपलीकडे जमनाबाई उभी होती. आठ वर्षांत पहिल्यांदाच रविवारची प्रार्थना चुकवून आलेली. कुणाला विचारावं, काय म्हणावं, तिला काही कळत नव्हतं. अंजूनं गोळा मानेला लावला तशी ती पदर खोचून ओरडली,

"बूड टेकव, अंजू! उठू नको वं माय! उठू नको!"

सारं मैदान वळून पाहू लागलं. गोळा सुटला. सुटेपर्यंत अंजू माझ्यावर दगडासारखी बसलेली होती. पांढरी झेंडी. पाच मीटर शहाऐंशी.

सध्या मी पुन्हा इकबालभाईच्या दुकानात आहे. जीपवर वाकलेला पाय आता नीट सरळ करणं चाललंय. पुढच्या महिन्यात राज्य स्पर्धा. जमनाबाई अजूनही लेक चालावी म्हणून प्रार्थना करते, अंजू अजूनही सहा मीटर मागते. दोघींचा देव दोघींचं ऐकतोय, त्यात मी पडत नाही.

माझं मागणं फक्त तुमच्याकडे आहे. मला कुणाच्या चमत्काराची खूण म्हणून मांडू नका. माझ्यापुढे मान हलवून उसासे टाकू नका. जरूर या, पण आलात तर गादीवर बसा, पट्टे आवळा, तीन किलोचा गोळा मानेशी धरा आणि बूड न उचलता फेकून दाखवा. मग टेप लावू. त्यानंतरही दया आली, तर मला सांगा, कुणाची आली ते.