भिंतीची आई

एका पॉइंटने हरण्यासारखं वाईट काही नाही. वीसने हरलं तर माणूस चार शिव्या हासडतो, घरी जातो आणि जेवतो. एकाने हरलं की घास उतरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो फ्रेमवाल्याच्या दुकानात हजर असतो.

त्या रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लाकडी पट्ट्या भिंतीला टेकवून, काचा मागच्या खोलीत हलवून फ्रेमवाल्याने बाकडी मांडली होती. समोर मोठा टीव्ही होता. हा टीव्ही त्याने क्लबच्या मॅचेस बघण्यासाठी म्हणून घेतला होता आणि त्यावरून त्याची बायको अजून त्याच्याशी धड बोलत नव्हती. काल बास्केटबॉलची फायनल झाली होती, तीही नदीपलीकडच्यांशी. शेवटच्या अकरा सेकंदांपर्यंत आपण एका पॉइंटने पुढे होतो. मग त्यांचा नऊ नंबर डावीकडून मोकळा घुसला, बास्केट करून आला, आणि शिट्टी वाजली.

"डिफेन्स आहे की धर्मशाळा?" कंपाउंडर म्हणाला. "कुणीही यावं, कुणीही जावं."

"दुसऱ्या हाफमध्ये पस्तीस पॉइंट दिले. पस्तीस!" ड्रॉइंगमास्तरांनी ते आकडे कागदावर नीट चौकोनात लिहून आणले होते. "त्यातले अठरा डावीकडून."

"बसल्या जागेवरून नाही," फ्रेमवाला ओरडला. "उठा आणि बोट ठेवा."

दुकानाचा नियम होता तो. कुणाला दोष द्यायचा असेल, तर व्हिडिओ थांबवायचा, पडद्यापाशी जायचं आणि चुकलेल्या खेळाडूवर बोट ठेवायचं. उगाच कुणाच्या नावाने खडे फोडायचे नाहीत. सात वर्षांपूर्वी एका पराभवानंतर दुकानातल्या दोन काचा फुटल्या, तेव्हापासून हा नियम. खेळाडूही यायचे आणि मान खाली घालून मागच्या बाकड्यावर बसायचे. कोच सर कोपऱ्यातल्या स्टुलावर वही घेऊन बसायचे आणि तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत. सोमवारी ते पुढच्या मोसमाची यादी लावत. रविवारची बोटं ते मोजतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि त्या दिवशी एकामागून एक सगळी बोटं एकाच पोरावर पडत होती. नऊ नंबरला अडवायचं काम त्याचं होतं. सगळे त्याला भिंत म्हणत. कालपर्यंत कौतुकाने म्हणत, आज कंपाउंडर म्हणाला, "भिंतीला भगदाड पडलंय," आणि लोक हसले.

भिंतीची आई दाराजवळ पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिला सगळे थोरली म्हणत, कारण तिची धाकटी जाऊही तिथेच असायची. धाकटी मधल्या बाकड्यावर होती आणि थर्मासमधून लोकांना चहा देत होती. पराभवातसुद्धा हिच्याभोवती लोक जमतात, थोरलीच्या मनात आलं. आणि हे काही आजचं नव्हतं.

बावीस वर्षं दोघी एकाच घरात राहत होत्या, ही वरच्या मजल्यावर आणि ती खालच्या. थोरली सोफ्याची कव्हरं आणि पडदे शिवायची. तिची शिवण इतकी नेटकी की उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली ते कळू नये. पण घरी आलेला पाहुणा पडद्याकडे बघत नाही, ज्या बाईने हसून दार उघडलं तिच्याकडे बघतो, आणि दार नेहमी धाकटीच उघडायची. ती दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर होती. दाढ उपटायला आलेली माणसंसुद्धा तिच्याशी गप्पा मारत बसायची. सासूबाईंनी जाताना बांगड्या दोघींना सारख्या दिल्या, पण ज्या डबीत त्या बांगड्या होत्या ती दिली धाकटीला. थोरलीने कुणाला बोलून दाखवलं नाही. नुसती जळत राहिली.

मुलगे दोघींना एकाच वर्षी झाले, चार महिन्यांच्या फरकाने. दोघं एकाच दिवशी पहिल्यांदा कोर्टवर गेले. धाकटीचा बास्केट करायला शिकला आणि थोरलीचा बास्केट अडवायला. इथेच सगळं बिघडलं. बास्केट करणाऱ्याला टाळ्या मिळतात. बास्केट होऊ न देणाऱ्याला काय मिळणार? काही झालंच नाही, तर टाळ्या वाजवायच्या कशासाठी? धाकटीच्या मुलाला लोकांनी तोफ असं नाव दिलं, आणि त्याच्या हातात चेंडू आला की अख्खी गॅलरी "तोफ! तोफ!" करून उठायची. थोरलीने एकदा एकटीनेच "भिंत! भिंत!" अशी आरोळी ठोकली, तर पुढच्या रांगेतल्या माणसाने घाबरून विचारलं, "काय झालं बाई, कुठे पडली?"

तेव्हापासून ती ओरडायची नाही. मोबाईल काढायची आणि शूटिंग करायची, फक्त आपल्या मुलाचं. चेंडू कुठेही असो, तिचा कॅमेरा त्याच्यावरच. चार वर्षांत तिने एकही बास्केट नीट बघितलं नव्हतं. पण एक गोष्ट तिला जितकी माहीत होती तितकी कुणालाच नव्हती. तोफ मागे यायचा नाही. बास्केट केलं की तो मधल्या रेषेवर थांबायचा, गॅलरीकडे बघायचा, घाम पुसायचा. त्याच्या वाटणीची डावी बाजू उघडी पडायची आणि तीही भिंतीलाच सांभाळावी लागायची. मास्तरांच्या कागदावरचे ते अठरा पॉइंट भिंतीचे नव्हते, तोफेचे होते. हे ती चार वर्षं रोज जेवताना मुलाला ऐकवत होती. "त्याचं उष्टं तू किती दिवस काढणार?" ती म्हणायची. तो खाली बघून जेवायचा.

आज मात्र तिच्याकडे पुरावा होता. क्लबचं अधिकृत शूटिंग कंपाउंडर करायचा आणि शेवटच्या अकरा सेकंदांत त्याने हात वर करून उड्या मारल्या होत्या, त्यामुळे क्लबच्या व्हिडिओत फक्त छताचे पंखे दिसत होते. ते अकरा सेकंद अख्ख्या गावात एकट्या थोरलीच्या मोबाईलमध्ये होते. काल संध्याकाळी मशीनपाशी बसून तिने ते दहा वेळा बघितले. दोन बोटांनी चित्र मोठं केलं, कोपऱ्यातल्या तोफेला शोधून काढलं. होता, मधल्या रेषेवर, कमरेवर हात ठेवून! तिला इतका आनंद झाला की ती उठून खोलीभर फिरली. मुलाचं शूटिंग करणाऱ्या त्या बाईने त्या दिवशी पहिल्यांदाच मुलाकडे बघितलं नव्हतं.

सकाळी निघताना मुलगा म्हणाला होता, "आई, तो व्हिडिओ नको नेऊस."

"का म्हणून? तुला काढून टाकतील उद्या, कळतंय का? तुझा हा भोळेपणाच नडतो तुला."

तो बुटांच्या नाड्या बांधत राहिला, आणि तिने तेही भोळेपणाच्या खात्यात टाकलं.

"माझ्याकडे शेवटचे अकरा सेकंद आहेत," थोरली आता उभी राहून म्हणाली.

फ्रेमवाल्याने मोबाईल टीव्हीला जोडला. पडदाभर तिचा मुलगा दिसू लागला, पाठमोरा, गुडघ्यात वाकलेला, दोन्ही हात पसरलेले. त्याच्यापुढे नऊ नंबर. आणि वरच्या कोपऱ्यात तोफ.

"थांबवा!" ती पडद्यापाशी गेली. आवाज तिचा तिलाच परका वाटत होता. "हा बघा. अकरा सेकंद राहिलेत आणि हा इथे उभा. याची जागा तिथे, डावीकडे. तिथे कुणी आहे? नाही! नऊ नंबर तिथूनच गेला."

लोक पुढे झुकले. "अरे हो की," कुणीतरी म्हणालं. मागच्या बाकड्यावर तोफेने मान आणखी खाली घातली. धाकटीच्या हातातला कप तसाच राहिला. बावीस वर्षांत थोरलीचं असं कुणी ऐकलं नव्हतं. तिचं बोट तोफेकडे निघालं.

"थांबा, थांबा," ड्रॉइंगमास्तर म्हणाले. "तोफ नव्हती, कबूल. पण नऊ नंबर आधी भिंतीतून सुटला कसा? ती तर पुढ्यातच उभी आहे. पुन्हा पहिल्यापासून घ्या बरं, आणि हळू चालवा."

फ्रेमवाल्याने पहिल्यापासून घेतलं आणि हळू चालवलं.

भिंतीने मान वळवली. डावीकडे बघितलं, तिथे तोफ नाही. पुढे नऊ नंबरकडे बघितलं. पुन्हा मान वळवली, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मधल्या रेषेवरच्या चुलतभावाकडे बघितलं. मग डावा पाय उचलला आणि बाजूला ठेवला. जिन्यात समोरून कुणी आलं की आपण सरकतो, तसा. नऊ नंबरसुद्धा क्षणभर अडखळला. इतकी सहज वाट मिळेल असं त्यालाही वाटलं नसावं. मग तो पळाला.

थोरलीचं बोट वाटेतच थांबलं. लोकांना तोफेची रिकामी जागा दिसावी म्हणून पोराने वाट मोकळी केली होती, फायनलच्या शेवटच्या अकरा सेकंदांत. आणि ती नजर! ती तिने लगेच ओळखली. तसं बघणारं त्या घरात तिच्याशिवाय दुसरं कोण होतं?

सगळ्यांनी बघितलं होतं, पण जे बघितलं ते खरं असेल असं कुणाच्या मनात येत नव्हतं.

"पाय सरकला हो त्याचा!" धाकटी म्हणाली. "तिथे कुणाची तरी पाण्याची बाटली सांडली होती. मी बघितलं ना, फरशी ओली होती."

"हां, सरकलाच तो," कंपाउंडर लगेच म्हणाला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखे सगळे माना डोलवू लागले. "त्याची काय चूक, ओल्यात कुणीही सरकेल," मागून कुणीतरी म्हणालं.

बाटली सांडली नव्हती. थोरलीने पूर्ण मॅच त्या पोरावरून नजर काढली नव्हती. क्षणात उचललेला पाय तिच्या नजरेतून सुटला, पण तिथे पाणी सांडलं असतं तर तिला कळलं असतं. आणि धाकटी काही आंधळी नव्हती. तिला सगळं कळलं होतं. तिच्याच मुलाला तोंडघशी पाडायला हा डाव होता हेही कळलं होतं, आणि तरी ती पुतण्याला पाठीशी घालत होती. थोरलीकडे बघून तिने हलकेच डोळे मिटले. असू दे ताई, मी आहे, असं म्हणणारे ते डोळे.

सरांनी वहीतून मान वर केली. "ताई, बोट कुणावर?"

बोट अजून हवेतच होतं. धाकटीच्या बोलण्याला एकदा हो म्हणायचं, खाली बसायचं, की पोरगं उद्याच्या यादीत राहणार होतं. यासाठीच तर ती आली होती. पण राहणार होतं ते धाकटीच्या मेहेरबानीवर. उद्यापासून जिन्यात भेटली की ती असेच डोळे मिटणार. जन्मभर मिटणार. लोकांची माया तिला, टाळ्या तिच्या मुलाला, आणि आता मोठं मनही तिचंच? हेसुद्धा तिनेच घ्यायचं आणि आपण ओंजळ पुढे करायची? थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली.

तिने पडद्यावर बोट टेकवलं. तिच्या मुलाच्या डाव्या पायावर.

"पाय सरकला नाही," ती म्हणाली. "याने वाट दिली. मुद्दाम दिली."

कुठेतरी एक पट्टी भिंतीवरून घसरली, ती कुणी उचलली नाही. मग ड्रॉइंगमास्तर उठले. साठीच्या पुढचा तो माणूस थोरलीपुढे हात जोडून उभा राहिला. "पोटच्या पोरावर बोट ठेवलंत," ते म्हणाले. "इतकी वर्षं इथे येतोय, असं बघितलं नाही." फ्रेमवाला म्हणाला की नियम त्याने केला खरा, पण पाळला तो आज, एका बाईने. कंपाउंडरने डोळे पुसले. आणि धाकटी बाकड्यांमधून वाट काढत आली, थोरलीचे दोन्ही हात हातात घेतले.

"ताई," तिला रडू आवरत नव्हतं, "मला नसतं हो जमलं."

बावीस वर्षं ज्या वाक्यासाठी थोरली झुरली, ते हे वाक्य. आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. आतून गार वाटलं. कोपऱ्यात सर वहीत एक ओळ खोडत होते, तिकडे तिचं लक्ष गेलं ते नंतर.

मुलगा बाकड्यावर नव्हता. ती बाहेर आली, तर तो दुकानाच्या पायरीवर उभा होता. तोंड उतरलेलं होतं, पण राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

"मी आज सरांना सांगणारच होतो," तो म्हणाला. "रात्रभर तेच ठरवत होतो. चूक माझीच आहे, यादीतून गेलो तरी माझं काही म्हणणं नाही. एकच सांग. आत्ता तू बोललीस ते माझ्यासाठी बोललीस, की काकूसाठी?"

"तुझ्यासाठी" हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तो वाट बघत होता. त्याला तो शब्द हवा होता, खोटा असता तरी त्याने घेतला असता.

तेवढ्यात आतून मास्तरांचा आवाज आला, "अहो, थोरल्या बाई कुठे गेल्या? त्यांना बोलवा, त्यांना इथे मध्ये बसवा," आणि तिने वळून आत बघितलं. सगळे दाराकडे बघत होते, धाकटीही. थोरलीने पदर सारखा केला. पुन्हा वळली तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं.