वॉर्डातलं वय

अनुजाने उंचीची पट्टी नम्रताच्या डोक्यावर टेकवली, आकडा वाचला आणि कागदावर लिहिता लिहिता नेहमीचा प्रश्न विचारला.

"वय?"

"अकरा," नम्रताची आई म्हणाली. नम्रता जमिनीकडे बघत होती.

अनुजा नर्सिंगची एम.एस्सी. करायला दोन वर्षं रजेवर गेली, तेव्हाही नम्रता अकराचीच होती.

परळच्या त्या रुग्णालयात, मुलांना रक्त चढवायच्या वॉर्डात काळ जरा दमानेच चालायचा. थॅलेसेमियाची मुलं दर काही आठवड्यांनी येत, हाताला सुई लावून दिवसभर बसत, आणि त्यांच्यातलं कुणी बारा वर्षांचं म्हणून होत नसे. मिसरूड फुटलेला राहुल अकराचा. दहावीचं गाइड मांडीवर घेऊन बसणारी श्रेया साडेअकराची. बारा पूर्ण झाली की मोठ्यांच्या वॉर्डात जायचं, असा नियम होता. या आजारात मुलांची उंची खुंटते, त्यामुळे नव्या डॉक्टरांना शंका येत नसे. आधार कार्ड मागितलं की ते नेमकं घरी राहिलेलं असे. इनचार्ज दर्शना सिस्टर तिकडे काणाडोळा करत. यात आपण काही वावगं करतोय असं कुणालाच वाटत नव्हतं, अनुजालाही नाही.

खरं वय सांगून गेलेला हितेंद्र एकटाच. पुरुषांच्या वॉर्डात तो दोनदा गेला आणि मग यायचाच बंद झाला. त्याचा फोनही लागेना.

शिकून परत आल्यावर अनुजाने पहिलं काम हेच हातात घेतलं होतं. मुलांच्या वॉर्डाची मर्यादा अठरापर्यंत न्यावी, असा प्रस्ताव तिने वर पाठवला. उपअधीक्षक डॉ. रघुवीर यांनी तिला बोलावून घेतलं. माणूस सरळ होता.

"सिस्टर, प्रस्ताव उत्तम आहे. पण मी तुमच्याच वॉर्डाचे कागद मागवले. बारा वर्षांवरचं एकही मूल तुमच्याकडे नाही. मग नियम बदलायचा कुणासाठी?"

अनुजाला हसावं की रडावं कळेना. ती खाली आली आणि दर्शना सिस्टरांना म्हणाली, "आपण खरी वयं लिहू या."

"वेडी आहेस का गं?" दर्शना सिस्टरांनी हातातला ट्रे खाली ठेवला. "पोरांना सांभाळायचं म्हणून एवढी वर्षं गप्प बसले मी. तू शिकून आलीस ती त्यांच्याच पायावर धोंडा पाडायला? साहेब उद्या नाही म्हणाले तर ही सगळी पोरं तिकडे जातील. हितेंद्र आठवतो ना?"

आठवत होताच. म्हणून अनुजाही गप्प बसली. आपण भित्र्या आहोत, असं मात्र तिला त्या दिवसापासून रोज वाटू लागलं.

आज सुई लावून झाल्यावर नम्रताने आईला चहा आणायला पाठवलं. आई लालबागला मिरची कांडपात कामाला होती, सुट्टी टाकून आली होती. ती दाराबाहेर गेल्यावर नम्रता हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, एक विचारू? माझ्या वर्गात सगळ्यांची पाळी सुरू झाली. माझीच नाही."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"राउंडला विचारलेलं. त्यांनी पेपर बघितला. बोलले, अकराच तर आहेस, वेळ आहे अजून." सुई लावलेला हात तिने जवळ घेतला. "मी पंधराची आहे ना, सिस्टर. मग मला उशीर झालाय का?"

सतत रक्त चढवलं की अंगात लोह साठतं आणि ते वाढीच्या ग्रंथींना मारतं. पंधराव्या वर्षीही पाळी नाही म्हटल्यावर तिची तपासणी कधीच सुरू व्हायला हवी होती. या पोरीला वॉर्डात ठेवायला म्हणून सगळ्यांनी मिळून तिला अकराची ठेवलं होतं, आणि अकराच्या मुलीकडे डॉक्टर जसं बघतील तसंच त्यांनी बघितलं होतं.

आई चहा घेऊन आली, तेव्हा अनुजाने तिला बाकावर बसवून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. औषध आहे, उपाय आहेत, पण खऱ्या वयावाचून कुणी सुरू करणार नाही. खरं वय सांगितलं तर कदाचित हा वॉर्ड सोडावा लागेल.

"तिकडे आम्हाला आत थांबू देत नाहीत, सिस्टर," आई म्हणाली. "आणि हिची नस तिकडे कुणाला मिळणार? इथे तुम्हाला मिळते तरी." चहाचा कप तिने तसाच बाकावर ठेवला. ती म्हणाली, "चला, कुठे जायचं ते."

दर्शना सिस्टर दारातच उभ्या होत्या. अनुजाला वाटलं, आता अडवतील. पण त्या नम्रताच्या खाटेकडे वळल्या आणि नळीतला थेंब बघत म्हणाल्या, "हिचं संपू दे आधी. मग जा."

चारच्या सुमारास तिघी डॉ. रघुवीर यांच्यासमोर बसल्या. अनुजाने आधी तपासण्यांचं बोलून घेतलं, मग नियमाचं. वयं का खोटी लिहिली गेली तेही सांगितलं, आणि त्यात आपणही होतो हेसुद्धा. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हिच्या तपासण्या मी आजच लिहितो," ते म्हणाले. "प्रस्ताव समितीपुढे नेतो. तोवर वॉर्डातल्या कुणालाही हलवायचं नाही, ही माझी जबाबदारी. पण समिती काय ठरवेल त्याचा शब्द मी देऊ शकत नाही. ते कळतंय ना तुम्हाला, ताई?"

आईने मान हलवली.

"मग सांगा. वय?"

इतकी वर्षं हे उत्तर आई देत आली होती. या वेळी नम्रता म्हणाली, "पंधरा."

डॉक्टर लिहू लागले.

"थांबा, साहेब," आई म्हणाली. "सोळा लिहा."

नम्रता चमकून तिच्याकडे वळली.

"शाळेत घालायच्या वेळी तू सारखी ॲडमिट असायचीस. वर्ष वाया गेलं. मास्तर मोठी पोरगी म्हणून घेणार नाहीत असं वाटलं, म्हणून तिथेपण एक कमी लावलं. मग सगळीकडे तेच लागलं." मुलीकडे न बघताच ती बोलत होती. "तुलापण कधी सांगितलं नाही."

डॉक्टरांनी पंधरा खोडलं, सोळा लिहिलं आणि शेजारी सही केली.

"अजून काही आहे का, ताई?"

आतापर्यंत खुर्चीच्या कडेला टेकलेली नम्रताची आई मागे सरकून नीट बसली.

"आहे ना," ती म्हणाली. "तुमच्या समितीत आईला बोलू देतात का, साहेब?"