दीड इंच कमी सांगणारी टेप

मी एका शिंप्याची जुनी टेप बोलतेय. माझी गोष्ट खरी आहे, आकडे तेवढे खोटे आहेत.

मास्तरांच्या गळ्यात मी पंधरा वर्षं मिरवले. माप देताना गिऱ्हाइकं पोट आत ओढायची. मास्तर म्हणायचे, "साहेब, श्वास सोडा, नाहीतर जेवताना बटण उडेल!" रोजच्या ओढाताणीत मी ताणले गेले. चाळीस इंचांच्या जागी साडेअडतीस दाखवू लागले. मास्तरांनी नवी टेप आणली आणि मला खिळ्याला अडकवलं.

मास्तरांचं स्वतःचं वजन अवाढव्य होतं. पाच वर्षांपूर्वी जठर लहान करून आतड्याला जोडायचं ऑपरेशन झालं. वजन झरझर उतरलं, रक्तातली साखरही आटोक्यात आली. आपल्या पँटी उसवून आवळताना ते शीळ घालायचे.

तिसऱ्या वर्षी मेली भूक परत आली, मागोमाग वजनही. मास्तरांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. दुपारी दुकानाचं दार लोटून, नवी टेप गळ्यात असताना, ते मला खिळ्यावरून काढायचे. माझा आकडा बघून पुटपुटायचे, "एवढं काही नाही." मग पँटीची शिवण गुपचूप अर्धा इंच सोडायचे. इतरांची पँट घट्ट झाली की घरादाराला कळतं. शिंप्याची घट्ट होतच नाही! मला फार अपराधी वाटायचं.

एकदा काज-बटणं करणाऱ्या त्यांच्या बायकोने ती पँट उलटी करून पाहिली.

"अहो, यात सोडायला आता कापडच उरलं नाही!"

तिने नव्या टेपने त्यांचं माप घेतलं आणि आकडा मोठ्याने वाचला. मास्तर मटकन स्टुलावर बसले.

"साखरही वाढलीय गं. पण पुन्हा पोट फाडून घ्यायची हिंमत नाही माझ्यात."

"फाडा म्हणतंय कोण? विचारून तर येऊ."

दवाखान्यातलं मला नंतर दुकानातच ऐकायला मिळालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "वजन परत वाढतं बऱ्याच जणांचं, त्यात लाज कसली? जठरातून आतड्यात जायची वाट सैल झालीय, म्हणून पोट भरल्यासारखं वाटत नाही. तोंडातून नळी घालून आतून टाके घालू. पोटावर चिरा नाही. पण खाणं तुम्हालाच सांभाळावं लागेल."

"आणि ह्यांनी काय विचारावं?" बायको शेजारणीला सांगत होती. "दोरा कुठल्या नंबरचा!"

टाके पडले. काही आठवडे नुसतं पातळ खाणं, मग छोटे घास, रोजचं चालणं. आठ महिन्यांत वजन बरंच उतरलं, साखरही. दर रविवारी बायको नव्या टेपने माप घेते.

गेल्या रविवारी अर्धा इंच वाढला. मास्तरांचा चेहरा उतरला आणि हात थेट माझ्या खिळ्याकडे आला. त्यांनी मला काढलं, क्षणभर हातात धरलं, मग खाली वाकून चिंध्यांच्या गठ्ठ्याला करकचून बांधलं.

"अगं, उद्या सकाळीच दवाखान्यात फोन लाव," ते म्हणाले. "अर्धा इंच वाढलाय म्हणून सांग. अर्धाच आहे तोवर जाऊन येऊ."

तेव्हापासून मी गठ्ठा बांधून आहे. इथे मला कुणी आकडा विचारत नाही. मी अगदी मजेत आहे.