पासंगालाही पुरत नाही!

मी तराजू बोलतोय. अस्सल पितळेचा. सध्या बैठकीतल्या खुंटीला टांगलेला असतो, म्हणून पाहुणे मला शोभेची वस्तू समजतात. समजोत बापडे! उभा जन्म मी किराणा दुकानात साखर-डाळ तोललीय.

तांबटानं मला घडवलं तेव्हा माझं डावं पारडं जरा हलकं झालं. त्यानं त्याच्या तळाला मेणाचा गोळा चिकटवला आणि काटा सरळ उभा राहिला. त्या गोळ्याला म्हणतात पासंग. दिसायला काळाकुट्ट, पण माझा सगळा प्रामाणिकपणा त्याच्यात होता.

गुडघे कुरकुरायला लागल्यावर मालकांनी दुकान विकलं. आलेला पैसा म्हणजे नवराबायकोचं म्हातारपण. तो कुठे गुंतवायचा यावरून दोघांची जुंपली. मालकांना हवे सिमेंट कंपनीचे शेअर, मालकीणबाईंना साबण कंपनीचे.

"सिमेंटचा शेअर कंपनीच्या शेअरमागच्या वर्षाच्या कमाईच्या बारापट भावात मिळतोय. तुझा साबण पन्नासपट! स्वस्त काय, तूच सांग."

"अहो, घर माणूस जन्मात एकदा बांधतो. अंघोळ रोज करतो. तुमचं सोडा."

शेवटी मालकांनी मला खुंटीवरून काढलं. कंपनीच्या एका गुणाला एक वाटाणा, असा न्याय ठरला. उजवं पारडं सिमेंटचं, डावं साबणाचं. आपला गुण असला की दोघांच्याही हाताला बरोबर टपोरा वाटाणा लागायचा. तरी दर वेळी खाली जायचं ते उजवंच. मला अगदी रडू येत होतं, कारण खरं काय ते मला ठाऊक होतं. परवाच मालकीणबाईंनी मला घासून लख्ख केलं होतं. पण तराजूला काटा असतो, तोंड नसतं.

मालक फुशारले. "बघ! तुझा साबण सिमेंटच्या पासंगालाही पुरत नाही."

मालकीणबाई थबकल्या. "अहो, हा पासंग म्हणजे नक्की काय असतं?"

मालकांनी सांगितलं.

"अगंबाई! तो तळाचा काळा गोळा? मी मळ समजून खरवडून टाकला."

म्हण सगळ्यांच्या तोंडी असते, वस्तू कुणी पाहिलेली नसते. मालकांनी मला रिकामाच उचलून धरलं. उजवं पारडं खाली. ते मटकन खुर्चीत बसले.

"म्हणजे आपलं म्हातारपण मी वाकड्या काट्यावर लावत होतो! आणि दुकानात तेल मापानं द्यायचो, साखर तराजूनं. मग सिमेंट नि साबण एकाच मापानं कसले मोजतोय?"

मग सिमेंटची तुलना इतर सिमेंटवाल्यांशी झाली, साबणाची साबणवाल्यांशी. मालकांची लाडकी कंपनी आपल्या भावकीत सगळ्यात महाग निघाली. बाईंची पन्नासपटवाली साबणवाल्यांत चक्क स्वस्त होती. अर्धे पैसे तिच्यात गेले, अर्धे दुसऱ्या एका सिमेंट कंपनीत. भांडण मात्र पुरतं मिटलेलं नाही.

मला सरळ करायला घरात मेण मिळेना. मालकांनी न्हाणीघरातून झिजलेल्या साबणाचा तुकडा आणून डाव्या पारड्याला चिकटवला. काटा सरळ!

"पुरला ना पासंगाला?" मालकीणबाई म्हणाल्या. मालक खोकले.

तुम्हीही दोन गोष्टी तोलायला निघालात, तर आधी तराजू रिकामा धरून बघा. आणि तेवढं मालकीणबाईंना सांगा हो, मला आता पाण्यानं धुऊ नका. माझा प्रामाणिकपणा हल्ली विरघळतो.